वरचा कडक थर

कॅनडातल्या विनिपेग शहराच्या ईशान्येला नॉर्थ ट्रान्सकोना नावाचं ठिकाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेअरीच्या मैदानांत पिकलेला गहू रेल्वेने विनिपेगला येई आणि तिथून पूर्वेकडे रवाना होई. सुगीच्या दिवसांत यार्डात वाघिणींची इतकी दाटी होई, की धान्य कुठे तरी उतरवून ठेवणं भाग पडे. त्यासाठी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९११ ते १९१३ या काळात काँक्रीटचं अवाढव्य कोठार बांधलं. प्रत्येकी २८ मीटर उंच आणि सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या ६५ गोल कणग्या, तेरा-तेराच्या पाच रांगांत उभ्या होत्या. त्या सगळ्यांखाली मिळून काँक्रीटचा एकच अखंड राफ्ट, म्हणजे लादीसारखा सलग पाया, होता. तो ५९ मीटर लांब, साडेतेवीस मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड होता, आणि जमिनीच्या पृष्ठभागाखाली ३.७ मीटरवर टेकलेला होता. कोठाराची साठवणक्षमता होती दहा लाख बुशेल.

१९१३च्या सप्टेंबरात धान्य भरायला सुरुवात झाली. एका बाजूला जास्त भार येऊ नये म्हणून सगळ्या कणग्या सारख्याच भरल्या जात होत्या. १८ ऑक्टोबरला सुमारे पावणेनऊ लाख बुशेल धान्य आत असताना कोठार खचू लागल्याचं कामगारांच्या लक्षात आलं. पहिल्या तासाभरात ते सरळ खाली ३० सेंटिमीटर गेलं. मग पश्चिमेकडे कलू लागलं आणि जवळजवळ २४ तास कलतच राहिलं. थांबलं तेव्हा ते उभ्या रेषेपासून २७ अंशांना जेमतेम कमी इतकं झुकलेलं होतं. पश्चिमेची कड सात मीटरांहून जास्त खाली गेली होती, पूर्वेची कड दीड मीटर वर उचलली होती, आणि भोवतालची जमीन फुगून तिचे उंचवटे झाले होते.

या अपघाताची सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच होती. कोठार फुटलं नाही. इतकं कलूनही काँक्रीटला किरकोळ भेगांपलीकडे काही झालं नाही. बांधकाम उत्तम होतं, पोलाद पुरेसं होतं, मिश्रण चोख होतं. म्हणजे दोषाचा शोध इमारतीत घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. हरली होती ती तिच्याखालची जमीन.

पाया कशामुळे फसतो आणि त्यामागचं कारण जमिनीत कसं शोधतात, हे समजून घ्यायला ट्रान्सकोनाइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण. त्यातून मिळालेला धडा महाराष्ट्रातल्या काळ्या मातीवर घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या थेट उपयोगाचा आहे. म्हणून आधी तिकडे जाऊ आणि मग आपल्या मातीकडे वळू.

खड्ड्याच्या तळाशी घेतलेली चाचणी

कोठार बांधणाऱ्यांनी जमिनीची तपासणी केलीच नव्हती असं नाही. पायाचा खड्डा खणून झाल्यावर त्यांनी तळाच्या चिकणमातीवर लहानशा क्षेत्रफळात वजन ठेवून ती किती दबते ते पाहिलं होतं. दर चौरस मीटरला सुमारे ४० टन भार ही माती पेलेल, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

आता कोठाराचा हिशेब करू. रिकाम्या कोठाराचं वजन सुमारे १८ हजार टन. पावणेनऊ लाख बुशेल धान्याचं जवळपास २४ हजार टन. एकूण ४२ हजार टन. राफ्टचं क्षेत्रफळ सुमारे १,३९० चौरस मीटर. भागाकार केला की दर चौरस मीटरला ३० टन येतात. चाचणी ४० टनांची ग्वाही देत होती आणि प्रत्यक्षात भार ३० टनांचा होता. कागदावर सगळं सुरक्षित होतं आणि तरीही कोठार एका दिवसात कोसळण्याच्या बेतापर्यंत गेलं.

त्या काळच्या अभियंत्यांना दोष देणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. १९१३ साली मृदायांत्रिकी हे शास्त्रच नीट जन्माला आलेलं नव्हतं. स्वीडनचे आल्बर्ट आटरबर्ग यांनी चिकणमातीच्या ओलाव्याच्या मर्यादा ठरवण्याची पद्धत १९११मध्ये मांडली होती, पण ती शेतीच्या मातीसाठी होती. माती, तिच्या कणांमधलं पाणी आणि वरचा भार यांचं गणित बसवणारा कार्ल तेरझागी यांचा ग्रंथ १९२५मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या पायाखालची जमीन नेमक्या किती भाराला मोडेल, याचं समीकरण तर त्यानंतर हाती आलं. तोवर अनुभव आणि अशा छोट्या चाचण्या हाच आधार होता.

कोठार मात्र वाचवलं गेलं, आणि ते वाचवणं हा अभियांत्रिकीतला मोठा पराक्रम मानला जातो. धान्य काढून घेतलं गेलं. मग राफ्टखाली विहिरीसारखे खड्डे थेट खडकापर्यंत खणून त्यांत काँक्रीटचे खांब उभे केले आणि जॅक लावून अख्खं कोठार हळूहळू सरळ केलं. १९१४मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. मूळ पातळीपेक्षा ते बरंच खोल बसलं होतं, पण या वेळी त्याचा भार खडकावर होता. तो चुनखडीचा खडक पृष्ठभागापासून सुमारे १५ मीटरवर होता. सुरुवातीलाच पाया तिथपर्यंत नेला असता, तर हा सारा खटाटोप टळला असता.

अडतीस वर्षांनी घेतलेले नमुने

जमीन का मोडली, याचं समाधानकारक उत्तर मिळायला १९५१ साल उजाडावं लागलं. राल्फ पेक हे तेरझागींचे निकटचे सहकारी. त्यांनी एफ. जी. ब्रायंट यांच्यासह हे जुनं प्रकरण पुन्हा हाती घेतलं. कोठाराच्या परिसरात बोअर घेतले, वेगवेगळ्या खोलीवरचे मातीचे नमुने काढले आणि प्रयोगशाळेत त्यांची ताकद मोजली. त्यांचा निबंध १९५३मध्ये ‘जिओटेक्निक’ या नियतकालिकात आला.

मधल्या काळात बदललं होतं ते नमुना काढण्याचं तंत्र. फावड्याने उकरलेल्या मातीत तिची मूळची वीण उरत नाही. ती मळली जाते, ओलावा उडतो, कणांची रचना विस्कटते. पातळ भिंतीची पोलादी नळी बोअरच्या तळाशी हलकेच दाबून बसवली, तर मात्र माती जशी जमिनीत होती तशीच नळीत येते. नळीची तोंडं मेणाने बंद करून ती प्रयोगशाळेत नेतात. असा अबाधित नमुना हाच मातीच्या तपासणीतला खरा पुरावा असतो. त्यातून दंडगोल कापून तो दोन तबकड्यांमध्ये उभा दाबायचा आणि किती दाबाला तो फुटतो ते पाहायचं. चिकणमातीची ताकद मोजण्याची ही सर्वांत सरळ पद्धत आहे.

नमुन्यांतून जे चित्र उभं राहिलं, ते समजण्यासाठी तिथल्या भूगोलात थोडं मागे जावं लागतं. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या हिमनद्यांच्या पाण्याचं एक विराट सरोवर या भागात पसरलेलं होतं. भूशास्त्रज्ञ त्याला अगासिझ सरोवर म्हणतात. त्याच्या तळाशी हजारो वर्षं बारीक गाळ साचत राहिला. विनिपेगचा परिसर या गाळावर वसला आहे. सरोवर ओसरल्यावर गाळाचा वरचा भाग उन्हावाऱ्याने वाळला, थंडीने गोठला आणि पुन्हा वितळला. असं होत होत तो घट्ट झाला. तपकिरी रंगाची ही चिकणमाती हाताला चांगली कडक लागते. पण खाली, जिथवर ऊनवारा पोचलाच नाही, तिथला करडा गाळ मऊ राहिला. पेक आणि ब्रायंट यांच्या नमुन्यांत खालच्या थराची ताकद वरच्याच्या दोन तृतीयांशांहूनही कमी भरली.

या दोन थरांच्या ताकदीचा एकत्रित विचार करून, नव्या समीकरणांनी त्यांनी जमिनीची कमाल भारवहनक्षमता काढली. उत्तर दर चौरस मीटरला जवळपास ३० टन आलं. कोठार कलायला लागलं त्या क्षणी त्याचा भार तेवढाच होता. प्रत्यक्षातल्या एवढ्या मोठ्या पायाच्या पतनाशी सिद्धान्त इतका नेमका जुळल्याची उदाहरणं तेव्हा फारशी नव्हती. म्हणून ट्रान्सकोनाचं कोठार आजही जगभरच्या स्थापत्य महाविद्यालयांत शिकवलं जातं.

भार किती खोल जातो

मग खड्ड्याच्या तळाशी घेतलेली चाचणी फसली कशामुळे? तिने मोजलं ते खरंच होतं. वरची कडक माती ४० टन पेलत होती. पण त्या चाचणीने फक्त वरचीच माती विचारात घेतली होती.

पाया जमिनीवर टेकला की त्याचा दाब खाली जाताना पसरत जातो आणि विरळ होत जातो. फ्रान्सचे गणितज्ञ बूसिनेस्क यांनी १८८५मध्येच याचं गणित मांडलं होतं. चौकोनी पायाखाली, पायाच्या रुंदीच्या दीडपट खोलीवर मूळ दाबाच्या सुमारे एक पंचमांश दाब शिल्लक असतो आणि दुप्पट खोलीवर सुमारे एक दशांश. म्हणजे दाब किती खोल पोचणार हे पायाच्या रुंदीवर ठरतं. अर्धा मीटर रुंदीच्या तबकडीवर भार ठेवला, तर एक मीटरच्या खाली जमिनीला त्याची फारशी खबर लागत नाही. तोच दाब साडेतेवीस मीटर रुंदीच्या राफ्टने दिला, तर तो मातीचे सगळे थर भेदून खडकापर्यंत जाऊन पोचतो. ट्रान्सकोनाच्या तबकडीने कडक थराची चौकशी केली. कोठाराने मात्र मऊ थराला हात घातला.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. जमिनीचे थर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी तयार झालेले असतात. वरच्या थराने खालच्याची हमी देण्याचं काही कारणच नसतं.

आजच्या तपासणीचे नियम याच जाणिवेतून आलेले आहेत. जमिनीच्या अन्वेषणासाठी भारतीय मानक आयएस १८९२ आहे. पायाच्या तळापासून खाली, पायाच्या रुंदीच्या निदान दीडपट खोलीपर्यंत चौकशी व्हावी, असं ते सर्वसाधारणपणे सांगतं. खांबांचे पाये जवळजवळ असतील, तर त्यांचे दाब खाली एकमेकांत मिसळतात आणि जमिनीला अख्खी इमारत हा एकच पाया वाटू लागतो. अशा वेळी खोली एका खांबाच्या पायाच्या रुंदीवरून ठरवून चालत नाही. बोअर किती घ्यायचे याचाही दंडक आहे. सुमारे एक एकराच्या आटोपशीर जागेवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे बोअर पुरेसे मानतात. छोट्या इमारतीला मधला एकही चालू शकतो.

बोअर घेताना स्टँडर्ड पेनेट्रेशन टेस्ट करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून नमुनानळी जमिनीत ठोकतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून देतात, कारण बोअरच्या तळाची माती ढवळलेली असते. पुढच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. ठोके जास्त लागले तर जमीन घट्ट, कमी लागले तर सैल किंवा मऊ. ही चाचणी साधी आणि स्वस्त आहे, म्हणून सर्वत्र होते. पण तिचीही एक मर्यादा आहे, आणि नेमकी तीच आपल्या काळ्या मातीत घात करते.

आपली काळी

दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो झिजून जी माती तयार झाली, ती आपली काळी. डोंगरउतारांवर तिचा थर वीतभरही नसतो. गोदावरी, कृष्णा, तापी, पूर्णा यांच्या खोऱ्यांत तो कित्येक मीटर जाड असतो. तिच्याखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांची घडण अतिशय पातळ पापुद्र्यांची असते आणि पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या मिटून जातात, ते यामुळे. कापसाला, ज्वारीला आणि हरभऱ्याला हा गुण मानवतो, कारण ओल धरून ठेवणारी माती त्यांना हवी असते. घराला तो मानवत नाही.

जुन्या गावरचनेत याचं भान दिसतं. जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानले जात. काळीत शेती व्हायची आणि पांढरीवर घरं उभी राहायची. गेल्या काही दशकांत शहरं आणि तालुक्याची गावं पसरली, शेतजमिनी बिनशेती झाल्या, त्यांचे प्लॉट पडले आणि घरं थेट काळीवर आली. ही घरं बहुधा एकमजली किंवा दुमजली. इथेच सगळ्यांत मोठा गैरसमज होतो. लोकांना वाटतं, घर हलकं आहे, त्याला कसला खोल पाया हवा?

काळ्या मातीत हिशेब उलटा असतो. एकमजली घराच्या भिंतीखाली जमिनीवर दर चौरस मीटरला तीन ते पाच टनांच्या आसपास भार येतो. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलणारा दाब याच्या कित्येक पट असू शकतो. दर चौरस मीटरला दहा-वीस टन असा दाब चाचण्यांत आढळतो. जड इमारत या मातीला दाबून धरते. हलक्या घराला मातीच उचलते. ट्रान्सकोनात जमीन भाराखाली मोडली, इथे ती भाराला वर ढकलते. दोन्ही ठिकाणी पाया फसतो, पण कारणं एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

तरी दोन्हींत एक साम्य आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. एप्रिल-मे महिन्यांत काळी माती वाळून दगडासारखी होते. पहार मारली तर खणकन आवाज येतो. त्या दिवसांत बोअर घेतला, तर वरच्या दोन-तीन मीटरांत एन व्हॅल्यू घसघशीत येते आणि अहवालात जमीन भक्कम ठरते. बांधकामं याच दिवसांत सुरू होतात, म्हणून चाचण्याही याच दिवसांत होतात. पण तो कडकपणा पाणी नसण्याचा असतो. मृग बरसले की तोच थर लोण्यासारखा मऊ होतो, आणि वर फुगतोही. विनिपेगचा कडक थरही वाळूनच कडक झाला होता. तिथे त्याने खालचा मऊ थर झाकला, इथे तो पुढचा पावसाळा झाकतो.

म्हणून काळ्या मातीत फक्त ठोके मोजून भागत नाही. ही माती पाण्यात काय करते, ते विचारावं लागतं. त्यासाठी एक सुरेख आणि अतिशय स्वस्त चाचणी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात रॉकेल ओतायचं, दुसऱ्यात शुद्ध पाणी. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे त्यातली माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीचं आकारमान वाचायचं. रॉकेलात ती १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर झाली, तर मुक्त फुगाव निर्देशांक ८० टक्के. हा आकडा ५०च्या आत असला तर धोका कमी मानतात, १००च्या पुढे गेला तर जास्त. रॉकेल, पाणी आणि एक दिवस एवढ्यात ही मोलाची माहिती मिळते. ती न घेता काळीवर घर बांधणं म्हणजे घराची वर्षानुवर्षांची जमापुंजी निष्काळजीपणे मातीच्या हवाली करणं.

घराला तडे गेले की

घर उभं राहिल्यावर तडे गेले तर शोध कसा घेतात? तपासणीची सुरुवात बोअर घेण्यापासून होत नाही. आधी भिंती वाचतात.

गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. पायाशी संबंधित तडे भिंतीच्या आरपार जातात आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके निघतात. तडा वर रुंद आणि खाली निमुळता असेल, तर भिंतीची टोकं खचली आहेत किंवा मधला भाग उचलला गेला आहे. खाली रुंद आणि वर निमुळता असेल, तर मधला भाग खचला आहे किंवा टोकं उचलली गेली आहेत. दारं अडकू लागणं, फरशीला मध्येच उंचवटा येणं, जोत्याभोवतालचा कोबा भिंतीपासून सुटणं ही सगळी त्याच दिशेने बोलणारी लक्षणं आहेत.

मग काळ मोजतात. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. तडा हलला की काच फुटते. किंवा तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांच्यातलं अंतर दर महिन्याला मोजतात. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा फुगणाऱ्या मातीकडे बोट दाखवतो. एकाच दिशेने रुंदावत जाणारा तडा दबणाऱ्या भरावाकडे किंवा मऊ गाळाकडे दाखवतो. एखाद्या आठवड्यात अचानक पडलेला तडा असेल, तर शेजारी कुणी खोल खोदकाम केलं का, पाण्याची लाइन फुटली का, हे आधी पाहायचं. एक पूर्ण वर्ष थांबून निरीक्षण करणं मालकाच्या जिवावर येतं, पण ऋतूंचं चक्र पाहिल्याशिवाय काळ्या मातीचा खटला चालवता येत नाही.

तिसरी चौकशी पाण्याची. छपराखालच्या मातीवर ऊन-पाऊस पडत नाही, त्यामुळे तिथे ओल टिकून राहते आणि काही वर्षांत मधली माती फुगून बसते. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात आकसते आणि दर पावसाळ्यात फुगते. घराच्या मध्यात आणि कडेत पडणारा हा फरकच भिंती चिरतो. त्यात भर घालतात गळका नळ, फुटलेलं सांडपाण्याचं चेंबर, भिंतीलगत सोडलेली पागोळी, भिंतीजवळचा रोज पाणी मिळणारा बगीचा आणि जोत्यालगतची मोठी झाडं. झाडाची मुळं उन्हाळ्यात माती आणखी कोरडी करतात आणि एकच कोपरा खचतो.

एवढं झाल्यावर जमिनीकडे वळतात. खचलेल्या आणि न खचलेल्या अशा दोन्ही भागांत पायालगत तपासणीचे खड्डे खणतात. पाया खरोखर किती खोल आहे, नकाशातल्याइतका आहे का, तळाशी मुरूम आहे की काळीच, की कधीकाळचा नाला बुजवलेला भराव, हे डोळ्यांनी दिसतं. मग घराच्या आतल्या आणि बाहेरच्या जमिनीत दर अर्ध्या मीटरवर ओलावा मोजतात. दोन्हींचा आलेख शेजारी ठेवला की कुठल्या खोलीपर्यंत माती ऋतूंबरोबर हलते ते समजतं. अबाधित नमुन्यांवर ताकदीच्या आणि फुगाव-दाबाच्या चाचण्या होतात. भिंती, काळ, पाणी आणि माती या चौघांच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या, तरच निदान पक्कं. त्यांपैकी एकीवरच विसंबून केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यात वाया जाते. चिरलेल्या भिंतीत सिमेंट भरून रंग दिला की घर छान दिसतं, पण जमिनीचं कारण जागच्या जागी राहतं.

बांधण्याआधी

काळीवर घर बांधूच नये असं नाही. उपाय आहेत, आणि त्यांतले काही आपल्याच देशात घडलेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत डॉ. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून अंडर-रीम्ड पाइलवर काम केलं. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचं, तळाशी ते कंदासारखं रुंद करायचं आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. हा कंद खोडाच्या व्यासाच्या सुमारे अडीचपट असतो. आपल्याकडे ऋतूंबरोबर हलणारी माती बहुतेक ठिकाणी या खोलीच्या वरच असते. त्यामुळे वरची माती उचलू लागली तरी कंद खाली घट्ट रुतून घर धरून ठेवतो. या पाइलवर जी जोत्याची तुळई टाकतात, तिच्या आणि मातीच्या मध्ये थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तुळईला भिडत नाही.

मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखवला. काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर घातला, तर खालच्या मातीचा फुगाव आटोक्यात राहतो. कालव्यांच्या कामांत ही पद्धत वापरली गेली. काळीचा थर पातळ असेल, तर ती पूर्ण काढून पाया मुरमात नेणं हा सर्वांत सरळ उपाय. आणि घर कुठल्याही पद्धतीने बांधलं, तरी भोवती बाहेर उतरता असा दीड-दोन मीटर रुंदीचा पक्का पट्टा करणं, पागोळ्यांचं पाणी दूर नेणं आणि मोठी झाडं लांब लावणं यांना पर्याय नाही.

यांपैकी कोणता उपाय करायचा, हे प्रत्येक प्लॉटची माती सांगते. शेजाऱ्याने मुरमावर बांधलं म्हणून आपल्याकडेही मुरूम असेलच असं नाही. काही पावलांवर जुना ओढा वाहत असू शकतो. म्हणून घर बांधायला काढाल तेव्हा आरसीसी कन्सल्टंटकडे मातीचा अहवाल मागा. बोअर किती खोल घेतला, कोणत्या महिन्यात घेतला आणि मुक्त फुगाव निर्देशांक किती आला, हे तीन प्रश्न विचारा. तयार घर घेत असाल, तर बिल्डरकडून तोच अहवाल मागून घ्या आणि सात-बारा व खरेदीखताबरोबर जपून ठेवा. उन्हाळ्यात प्लॉट पाहायला गेलात आणि पायाखालची जमीन दगडासारखी लागली, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पहिला पाऊस पडल्यावर त्याच जागी पुन्हा एकदा जाऊन पाहा आणि मगच पायाचा निर्णय घ्या.